स्वप्नातला स्पर्श खरा का वाटतो?

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' अशी म्हण आपल्याकडे आहे. तिच्यातील 'दिसे' या शब्दातच स्वप्नाविषयीची आपली सर्वसाधारण समजूत सामावलेली आहे. स्वप्न ही पाहण्याची गोष्ट, मिटल्या डोळ्यांपुढून सरकणारा एक चित्रपट, असे आपण मानतो. पण स्वप्न केवळ दिसत नाही, ते अंगाला लागते. स्वप्नात कड्यावरून पाय घसरला की पोटात खड्डा पडतो. विहिरीत उडी घेतली तर पाण्याचा गारवा जाणवतो. कुणी मागे लागले तर धाप लागते, पाय जड होतात. दिवंगत आईने डोक्यावरून हात फिरवला तर तिच्या तळव्याचा खरखरीतपणा जाग आल्यावरही काही क्षण कपाळावर रेंगाळतो. वस्तुतः त्या वेळी शरीर अंथरुणावर निश्चल पडलेले असते आणि त्वचेला पांघरुणाखेरीज कशाचाही स्पर्श होत नसतो. मग या संवेदना येतात कोठून?

प्रश्न जुना आहे. स्वप्नात रथ, घोडे आणि रस्ते यांपैकी काहीही प्रत्यक्ष नसते, स्वप्न पाहणाराच ते निर्माण करतो, असा विचार बृहदारण्यक उपनिषदात येतो. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्थांचा वेगवेगळा विचार केला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ मध्ये नेमका हाच पेच मांडला: शेकोटीजवळ बसल्याची जाणीव स्वप्नातही तितकीच खरी वाटते, तर जागेपणाची खात्रीची खूण कोणती?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्यास खऱ्या अर्थाने सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यातून हाती आलेले ज्ञान केवळ कुतूहल शमविणारे नाही. भाजलेल्या रुग्णाची रात्र, मध्यरात्री छातीवर बसणारे दडपण, वयात येणाऱ्या मुलाच्या मनातील अपराधी भाव आणि उतारवयात झोपेत हातपाय झाडणारा गृहस्थ, या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

संवेदना घडते कोठे?

बोटाला सुई टोचली की वेदना बोटात होते, असे आपण म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अर्धसत्य आहे. बोटातील मज्जातंतू केवळ विद्युत्‌संदेश पाठवितात. तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, तेथील थॅलॅमस या केंद्रातून पुढे वळविला जातो आणि मेंदूच्या बाह्यस्तरात पोहोचल्यावर त्याचे रूपांतर 'बोट दुखते' या अनुभवात होते.

कॅनडातील माँट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी याचा थेट पुरावा दिला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला केवळ स्थानिक भूल देऊन ते मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्‌प्रवाहाचा स्पर्श करीत. एका विशिष्ट पट्ट्यावर असा स्पर्श झाला की रुग्ण सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. जरा बाजूला स्पर्श झाला की ओठ बधिर झाल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात अंगठ्याला वा ओठाला कुणीही हात लावलेला नसे. पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निरीक्षणांतून मेंदूवरील शरीराचा नकाशा तयार झाला. त्यात हात, ओठ आणि जीभ यांना त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक जागा मिळालेली दिसते.

हात किंवा पाय कापावा लागलेल्या अनेकांना नसलेल्या अवयवात खाज सुटते, कळा येतात. अवयव गेला तरी त्याचा मेंदूतील नकाशा शिल्लक राहतो. थोडक्यात, संवेदनेसाठी त्या अवयवाची उपस्थिती अपरिहार्य नाही. मेंदूतील त्याचे प्रतिनिधी कार्यरत होणे पुरेसे आहे. स्वप्नातील स्पर्शाचे मूळ येथेच आहे.

निद्रेतील जागा मेंदू

झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, ही समजूत १९५३ मध्ये मोडीत निघाली. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना असे दिसले, की झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड ठराविक अंतराने वेगाने हलू लागतात आणि त्या वेळी मेंदूच्या विद्युत्‌लहरी जागेपणीसारख्या होतात. या अवस्थेला 'रॅपिड आय मूव्हमेंट' या शब्दांवरून 'आरईएम' निद्रा असे नाव मिळाले. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या अवस्थेत जातो. सुमारे दीड तासाच्या चक्राने ती रात्रीतून चार-पाच वेळा येते आणि पहाटेकडे तिचा कालावधी वाढत जातो. स्वप्ने इतर अवस्थांमध्येही पडतात. मात्र सर्वांत ठसठशीत आणि दीर्घ स्वप्ने प्रामुख्याने आरईएम निद्रेत पडतात.

या अवस्थेत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली, बाहेरून येणाऱ्या संदेशांची वाट अरुंद होते. कान उघडे असतात, त्वचा शाबूत असते, पण त्यांच्याकडील वार्ता बाह्यस्तरापर्यंत क्षीण होऊनच पोहोचते.

दुसरी, शरीराकडे जाणारे आदेश अडविले जातात. मस्तिष्कस्तंभातील केंद्रे मज्जारज्जूतील चालक पेशींना ग्लायसिन आणि गाबा या रसायनांच्या साहाय्याने निष्क्रिय करतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांना त्यातून सूट असते. बाकीचे शरीर जवळजवळ लुळे पडते. फ्रान्समधील ल्याँ येथील संशोधक मिशेल जुव्हे यांनी १९६०च्या दशकात मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील नेमका हा अडसर शस्त्रक्रियेने दूर केला. ती मांजरे गाढ झोपेतच उठून उभी राहिली, न दिसणाऱ्या भक्ष्यावर दबा धरू लागली, झडप घालू लागली. म्हणजे हालचालीचे आदेश झोपेतही निघत असतात. एरवी ते वाटेतच थोपविले जातात.

तिसरी, मेंदूतील रसायनांचा समतोल पालटतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन यांचा पुरवठा जवळजवळ थांबतो, तर अ‍ॅसिटिलकोलीनचा वाढतो. पिएर माके यांच्या गटाने बेल्जियममध्ये १९९६ साली केलेल्या मेंदूच्या चित्रणात असे आढळले, की आरईएम निद्रेत भीती आणि भावना यांच्याशी निगडित अमिग्डला हा भाग उद्दीपित असतो, तर तर्क आणि पडताळा यांचे काम करणाऱ्या कपाळामागील भागाची क्रिया मंदावते. स्वप्नातला स्पर्श खरा वाटण्यामागील अर्धे कारण हेच असावे. संवेदना निर्माण करणारा कारखाना चालू असतो आणि 'हे शक्य आहे का?' असे विचारणारा तपासनीस रजेवर गेलेला असतो.

एकाच यंत्रणेची दोन कामे

स्वप्नासाठी मेंदूत एखादा स्वतंत्र विभाग आहे काय? अलीकडील संशोधनाचे उत्तर नकारार्थी आहे. जागेपणी जग जाणून घेण्यासाठी जी यंत्रणा वापरली जाते, तीच स्वप्नात वापरली जाते.

जपानमधील क्योटो येथे युकियासु कामितानी यांच्या गटाने २०१३ मध्ये तीन स्वयंसेवकांना चित्रण यंत्रात झोपविले आणि झोप लागण्याच्या सुमारास वारंवार उठवून त्यांना काय दिसले ते विचारले. जागेपणी चित्रे पाहताना नोंदलेल्या मेंदूच्या क्रियेशी तुलना करून, झोपेत त्यांना कोणत्या प्रकारच्या वस्तू दिसत होत्या याचा निव्वळ योगायोगापेक्षा बऱ्याच अधिक अचूकतेने अंदाज बांधता आला. फ्रांचेस्का सिक्लारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यापुढची पायरी गाठली. स्वप्नात चेहरे दिसले असतील तर चेहरे ओळखणारा भाग, संभाषण ऐकले असेल तर भाषा समजणारा भाग आणि हालचाल असेल तर हालचाल टिपणारा भाग कार्यरत असल्याचे त्यांना आढळले. स्वप्न पडत असल्याची मुख्य खूण त्यांना मेंदूच्या मागील बाजूच्या एका विस्तृत पट्ट्यात मिळाली. संवेदनांचा अर्थ लावण्याचे बरेचसे काम याच पट्ट्यात चालते.

स्पर्श आणि हालचाल यांविषयीचा पुरावा 'जाणत्या स्वप्नां'मुळे मिळाला. काही जणांना स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' याचे भान येते. ब्रिटनमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ साली आणि त्यानंतर अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी अशा व्यक्तींकडून झोपेतूनच खूण मिळविली. डोळ्यांचे स्नायू लुळे पडत नसल्याने, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून ते 'मी आता स्वप्नात आहे' असे कळवू शकतात.

म्युनिक येथील संशोधकांनी २०११ मध्ये अशा मोजक्या स्वप्नकर्त्यांना स्वप्नात आळीपाळीने डाव्या व उजव्या हाताची मूठ आवळण्यास सांगितले. हात अंथरुणावर स्वस्थ होते, पण मेंदूतील हाताच्या हालचालीचा आणि संवेदनेचा नेमका तोच भाग उजळला, जो जागेपणी मूठ आवळताना उजळतो. २०१८ मधील एक प्रयोग तर फारच बोलका आहे. जागेपणी फिरत्या वस्तूचा माग घेताना आपली नजर सलग, गुळगुळीत सरकते. तीच वस्तू डोळे मिटून नुसती कल्पिली, तर डोळे झटक्याझटक्यांनी हलतात. लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी जाणत्या स्वप्नात स्वतःच्या अंगठ्याने हवेत वर्तुळ काढून त्याचा माग घेण्यास सांगितले, तेव्हा डोळे जागेपणीप्रमाणेच सलग फिरले. मेंदूच्या दृष्टीने स्वप्न हे कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष पाहण्याला अधिक जवळचे आहे, असा याचा अर्थ होतो.

चालणे, उडणे, पडणे

स्वप्नात आपण चालतो, पोहतो, क्वचित उडतोही. स्नायू निश्चल असताना ही गती जाणवते कशी?

याचे सर्वमान्य होत चाललेले स्पष्टीकरण असे. मेंदू स्नायूला आदेश देतो तेव्हा त्या आदेशाची एक प्रत स्वतःच्याच संवेदनाकेंद्रांकडेही पाठवितो. हात उचलला तर काय जाणवेल, याचा आगाऊ अंदाज त्यामुळे बांधला जातो. स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही, त्याचे कारण हेच. सेरा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेंदूच्या चित्रणातून ते दाखविले. स्वप्नात मूळ आदेश मज्जारज्जूत अडतो, पण त्याची प्रत अंतर्गत मार्गाने आपल्या जागी पोहोचते. मेंदूला 'पाय उचलला' अशी वार्ता मिळते आणि तीच प्रत्यक्ष हालचाल म्हणून अनुभवास येते.

स्वप्नात पळू पाहताना पाय शिशाचे होतात, या जवळजवळ सार्वत्रिक अनुभवाचा उलगडाही काही संशोधक याच धाग्याने करतात. आदेश निघतो, पण स्नायूंकडून अपेक्षित प्रतिसाद येत नाही. या विसंगतीला मेंदू 'पाय हलत नाहीत' असा अर्थ देतो. हे स्पष्टीकरण तर्कसंगत असले तरी अद्याप गृहीतकाच्या पातळीवरच आहे.

उडण्याच्या व तरंगण्याच्या अनुभवाचा संबंध आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडला जातो. आरईएम निद्रेत मस्तिष्कस्तंभातील तोलकेंद्रे उद्दीपित होतात. परंतु पाय जमिनीला टेकल्याची वार्ता देणारे स्नायू गप्प असतात. झोपलेल्या व्यक्तीला झोळीत हलकेच झुलविल्यास स्वप्नातील गतीच्या अनुभवात फरक पडतो, असेही प्रयोगात दिसून आले आहे. नुकतीच झोप लागत असताना पाय घसरल्याचा भास होऊन अंग दचकते, ती घटना मात्र निराळी आहे. स्नायूंचा तो आकस्मिक झटका झोपेच्या उंबरठ्यावर येतो, बहुतेकांना कधी ना कधी येतो आणि एरवी निरुपद्रवी असतो.

सर्वांत विचार करायला लावणारी नोंद जन्मतः अधू असलेल्या व्यक्तींची आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत, कधीही न चाललेल्या व्यक्ती स्वप्नात चालल्याचे आढळले. चालण्याचा अनुभव स्मरणात नसतानाही मेंदूत चालण्याचा काही आराखडा उपजत असावा, किंवा इतरांना चालताना पाहूनही तो घडत असावा, असे संशोधकांना वाटते. स्वप्न म्हणजे निव्वळ जुन्या आठवणींची उजळणी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

बाहेरचे जग आत शिरते तेव्हा

निद्रेचा दरवाजा पूर्ण बंद नसतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी याने आपल्या झोपेवरच प्रयोग केले होते. त्याने १८६१ च्या ग्रंथात वर्णिलेले एक स्वप्न आजही उद्धृत केले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्यावर खटला चालतो, शिक्षा सुनावली जाते, गिलोटिनचे पाते मानेवर पडते आणि तो दचकून जागा होतो. पाहतो तो पलंगाचा एक भाग निखळून त्याच्या मानेवर आदळलेला. संपूर्ण खटला त्या एका क्षणात कसा घडला? या कोड्याने पुढे फ्रॉइडसह अनेकांना गुंतवून ठेवले. स्वप्ने क्षणार्धात उलगडतात, असा समज त्यातून पसरला. तथापि १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना आरईएम अवस्थेच्या पाच किंवा पंधरा मिनिटांनंतर उठवून पाहिले, तेव्हा स्वप्न किती वेळ चालले याचा बहुतेकांचा अंदाज बरोबर निघाला. स्वप्नातील वेळ सर्वसाधारणपणे घड्याळाच्याच गतीने सरकते.

डिमेंट यांनी एडवर्ड वॉलपर्ट यांच्यासह १९५८ मध्ये झोपलेल्यांवर वेगवेगळ्या संवेदनांचा मारा करून पाहिला. त्वचेवर पाण्याचा शिडकावा केला तेव्हा ४२ टक्के वेळा, प्रखर प्रकाश टाकला तेव्हा २३ टक्के वेळा आणि ध्वनी ऐकविला तेव्हा अवघ्या ९ टक्के वेळा त्याचे पडसाद स्वप्नात उमटले. या तिघांत स्पर्शाचीच सरशी झाली, ही लक्षणीय बाब होय. शिवाय बाहेरचा स्पर्श जसाच्या तसा स्वप्नात येत नाही. पाणी अंगावर पडले की पाऊस येतो, छप्पर गळते, कुणी तरी घागर उपडी करते. मेंदू बाहेरून आलेल्या धाग्याला चालू कथेत विणून टाकतो. पहाटे गजराचा आवाज देवळातील घंटेत किंवा फोनच्या रिंगमध्ये मिसळून जातो आणि आपण झोपून राहतो, हा अनुभव अनेकांना असेल.

२०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार गटांनी याचा उपयोग संवादासाठी केला. जाणते स्वप्न पाहणाऱ्या व्यक्तीला झोपेतच 'आठातून सहा वजा केल्यास किती?' असा प्रश्न विचारण्यात आला आणि तिने डोळ्यांच्या खुणेने 'दोन' असे अचूक उत्तर दिले. असा यशस्वी संवाद मोजक्याच वेळा साधला. पण तो साधतो, एवढे सिद्ध झाले.

साऱ्या इंद्रियांना सारखा वाटा नाही

स्वप्नात दृष्टीचे राज्य असते. कॅनडातील अँटोनियो झाद्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये घरी लिहून ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक स्वप्नांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक स्वप्नांत ध्वनीचा उल्लेख होता, परंतु गंध वा चव यांचा उल्लेख जेमतेम एक टक्का स्वप्नांत आढळला. स्वप्नातल्या मेजवानीत ताट भरलेले दिसते, पण पुरणपोळीची गोडी क्वचितच जिभेवर येते.

गंधाची तऱ्हा आणखी निराळी आहे. इतर संवेदनांप्रमाणे तो आधी थॅलॅमसच्या चौकीवरून जात नाही. भावनांशी निगडित भागांशी त्याचे नाते थेट आहे. जर्मनीत मिखाएल श्रेड्ल यांच्या गटाने २००९ मध्ये झोपलेल्या स्वयंसेवकांना गुलाबासारखा सुगंध आणि कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी दिली. स्वप्नात प्रत्यक्ष वास फारसा आला नाही, मात्र सुगंधाने स्वप्नाचा भाव सुखद झाला आणि दुर्गंधीने तो बिघडला.

जन्मांध व्यक्तींची स्वप्ने या साऱ्या रचनेवर वेगळा प्रकाश टाकतात. त्यांच्या स्वप्नांत सर्वसामान्य अर्थाने दृश्य नसते. त्याऐवजी स्पर्श, ध्वनी, गंध आणि चव यांचे प्रमाण डोळस व्यक्तींपेक्षा अधिक असते. जागेपणी ज्या इंद्रियांनी जग उभे राहते, त्याच इंद्रियांनी स्वप्न रचले जाते. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण त्यांच्यासाठी 'मनी वसे ते स्वप्नी स्पर्शे' अशी वाचावी लागेल.

स्वप्नात दुखते का?

'मी स्वप्नात तर नाही ना?' असे म्हणत स्वतःला चिमटा काढण्याची आपली रीत आहे. स्वप्नात दुखत नाही, हे तिच्यात गृहीत आहे. ते सर्वस्वी खरे नाही. स्वप्नात वेदना दुर्मीळ असते, पण अशक्य नसते. माँट्रियल येथील टोरे नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आरईएम निद्रेत असलेल्यांच्या पायाभोवती रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून पाहिला. काही स्वप्नांत त्या दाबाचे रूपांतर खऱ्याखुऱ्या वेदनेत झाले.

रुग्णांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात रुग्णालयातील भाजलेल्या व्यक्तींच्या स्वप्नांची नोंद ठेवण्यात आली. त्यांच्या सुमारे ३० टक्के स्वप्नांत वेदना होती, आणि ज्यांना अशी स्वप्ने पडत त्यांची झोपही अधिक विस्कळीत होती. वेदनाशामक औषधाची मात्रा ठरविताना 'रात्री झोप लागली का?' एवढेच न विचारता 'झोपेतही दुखत होते का?' असे विचारणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळते. रुग्ण ते आपणहून सांगत नाहीत. स्वप्नातल्या दुखण्याची तक्रार काय करायची, असे त्यांना वाटते.

छातीवरचे ओझे

मध्यरात्री जाग येते, डोळे उघडतात, खोली ओळखीची दिसते. पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, कोपऱ्यात कुणी तरी उभे असल्याची खात्री वाटते आणि छातीवर विलक्षण ओझे बसते. वैद्यक याला निद्रा-पक्षाघात म्हणते. जपानपासून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत अनेक समाजांत या अनुभवाला भुताखेतांची नावे मिळाली आहेत, आणि आपल्याकडेही त्याची गणना 'बाहेरच्या बाधे'त होत आली आहे.

प्रत्यक्षात दोन अवस्थांची सरमिसळ झालेली असते. भान जागेपणात येते, पण आरईएम निद्रेतील लुळेपणा अद्याप उतरलेला नसतो आणि स्वप्ननिर्मितीही चालूच असते. छातीवरील ओझ्याचेही कारण सापडते. या अवस्थेत श्वास मुख्यतः श्वासपटलाच्या आधारे चालतो, बरगड्यांमधील स्नायू शिथिल असतात. घाबरून खोल श्वास घेऊ पाहिला की छाती साथ देत नाही आणि कुणी ती दाबून धरल्यासारखे वाटते. २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सुमारे ७.६ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी हा अनुभव आल्याचे दिसले. अपुरी व अनियमित झोप, पाळीपाळीचे काम आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. तो काही सेकंदांत वा मिनिटांत आपोआप ओसरतो. वारंवार त्रास होत असल्यास आणि दिवसाही अनावर झोप येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. मांत्रिकाकडे जाण्याचे कारण नाही.

एका शब्दाने केलेला अपाय

स्वप्नातील संवेदना कधी शरीरावर प्रत्यक्ष परिणामही घडवितात. लैंगिक स्वप्नाच्या वेळी होणारे वीर्यस्खलन हे त्याचे ठळक उदाहरण. आरईएम निद्रेत पुरुषांच्या जननेंद्रियाला ताठरता येते, स्त्रियांमध्येही तेथील रक्तप्रवाह वाढतो, आणि हे स्वप्नाचा विषय काहीही असला तरी घडते. ही निरोगी मज्जासंस्थेची खूण आहे. नपुंसकत्वाचे कारण शारीरिक आहे की मानसिक, याचा शोध घेताना वैद्यकाने तिचा उपयोगही केला आहे.

आपल्या भाषेत मात्र या घटनेचे नाव 'स्वप्नदोष' असे पडले. त्या नावातील 'दोष' या अर्ध्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना धास्तावले आणि भिंतींवरच्या जाहिरातींमधील वैदूंचा व्यवसाय चालविला. वीर्यनाशाच्या भीतीतून येणारा थकवा आणि चिंता यांना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. येथे आजार स्खलनाचा नसून भीतीचा आहे. वयात येणाऱ्या मुलाला ही गोष्ट आई-वडिलांनी अथवा शिक्षकांनी साध्या शब्दांत वेळीच सांगितली, तर त्याची पुष्कळ यातना टळेल.

जेव्हा स्वप्न अंगात येते

जुव्हे यांच्या मांजरांत जे शस्त्रक्रियेने घडविले गेले, ते काही माणसांत आजाराने घडते. अमेरिकेतील मिनेसोटा येथील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. झोपेतील स्नायूंचा अडसर निकामी झाल्याने हे रुग्ण स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करतात. ओरडतात, लाथा झाडतात, पलंगावरून उडी घेतात. जखमी होण्याची वेळ कित्येकदा शेजारी झोपलेल्या जोडीदारावर येते. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांमध्ये या विकाराचे निदान अधिक होते.

याकडे 'वाईट स्वप्ने पडतात' म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील १,२८० रुग्णांच्या पाहणीत, निदानानंतर बारा वर्षांत ७३ टक्क्यांहून अधिक रुग्णांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतील विकार अथवा स्मृतिभ्रंश होण्याचा धोका असल्याचे दिसून आले. याचा अर्थ प्रत्येकाला तो होईलच असे नाही. काही नैराश्यविरोधी औषधांमुळेही अशी लक्षणे उद्भवतात. परंतु मेंदूचा आजार कित्येक वर्षे आधी स्वप्नातून सूचना देत असेल, तर ती ऐकली पाहिजे. मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, पलंगाजवळील टोकदार आणि काचेच्या वस्तू हलवाव्यात, गरज पडल्यास अंथरूण जमिनीवर घालावे. औषधांनी या हालचाली बऱ्याच आटोक्यात येतात.

आघातातून गेलेल्या व्यक्तींच्या दुःस्वप्नांवरही उपाय आहेत. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि नव्या शेवटाची रोज मनातल्या मनात उजळणी करायची, अशी एक पद्धत आहे. बॅरी क्रॅको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तिचा वापर केला आणि त्यांची दुःस्वप्ने कमी झाल्याचे २००१ मध्ये दाखवून दिले. स्वप्न मेंदूच रचत असेल, तर त्याला वेगळे रचण्याची सवयही लावता येते, हे या उपचाराचे मर्म आहे.

जागेपण म्हणजे काय?

मेंदू असे का करतो, याविषयी मतभेद आहेत. हार्वर्डमधील अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ मध्ये असे मांडले, की मस्तिष्कस्तंभातून उसळणाऱ्या संदेशांना बाह्यस्तर अर्थ देऊ पाहतो आणि त्यातून स्वप्न घडते. पुढे हॉब्सन यांनीच कार्ल फ्रिस्टन यांच्यासमवेत २०१२ मध्ये या विचाराला नवे रूप दिले. त्यांच्या मते मेंदू सतत जगाविषयी अंदाज बांधीत असतो आणि जागेपणी इंद्रिये ते अंदाज दुरुस्त करतात. झोपेत बाहेरची दुरुस्ती थांबते, तेव्हा मेंदू आपल्या अंदाजांचीच डागडुजी करतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे मार्क ब्लंबर्ग यांना उंदरांच्या पिल्लांच्या झोपेत अवयवांची जी बारीक थरथर दिसली, तिच्यामुळे मेंदू स्वतःच्या शरीराची ओळख करून घेत असावा, असे त्यांच्या संशोधनातून सूचित होते. तान्हे बाळ झोपेत हातपाय झटकते, ओठ हलविते, तेव्हा असेच काही घडत असण्याची शक्यता आहे.

हा सिद्धान्त मान्य केला तर देकार्तच्या प्रश्नाला एक मर्यादित उत्तर मिळते. चहाच्या कपाची ऊब जागेपणीही मेंदूतच घडते आणि स्वप्नातही तेथेच घडते. फरक इतकाच, की जागेपणी खरा कप हातात असतो. तो अपेक्षेपेक्षा गरम निघाला तर हात चटकन मागे येतो आणि मेंदूला आपला अंदाज बदलावा लागतो. स्वप्नातल्या कपाला तशी हरकत घेता येत नाही.